पळीभर तीर्थाचा प्रश्न

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मंडळाच्या वार्षिक अंकात मी गेली काही वर्षे लिहितो आहे. बहुतेक वेळा विषय ठरलेले असतात. गिरनारच्या पायऱ्या, गाणगापूरची माधुकरी, प्रकाशाच्या संगमावरचं स्नान. यंदाचा विषय मात्र घरातला आहे. छापायला द्यावा की नाही यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. सौ. म्हणाली, लिहा, आणखी कुणाच्या घरी असंच चाललं असेल. मुलगी म्हणाली, "लिहा बाबा, पण शेवटी मी चुकले होते असं लिहू नका." तेवढं पथ्य पाळून लिहितो.

दोन वर्षांपूर्वीची दत्तजयंती. पहाटे आमच्या भागातल्या दत्तमंदिरात अभिषेक झाला, आरती झाली, तीर्थासाठी रांग लागली. माझ्या पुढे सौ., तिच्या पुढे आमची धाकटी. गुरुजींनी पळी भरून पुढे केली. धाकटीनं हात पुढे केलाच नाही. दोन्ही हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, मी पंचामृत घेत नाही. नमस्कार करते."

पळी तशीच हवेत राहिली. रांग थांबली. मागून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बेटा, तीर्थाला नाही म्हणतात का कुणी?" गुरुजी समंजस, त्यांनी पळी पुढच्या हातात रिकामी केली आणि रांग चालू लागली. पण सौ.चा चेहरा मी पाहिला. घरी येईपर्यंत तिघंही बोललो नाही. घरी आल्यावर मी बोललो, आणि जे बोललो ते आज लिहिताना बरं वाटत नाही. मी म्हणालो, "दत्तानं दिलेली मुलगी दत्ताचंच तीर्थ नाकारते. याहून वाईट ते काय पाहायचं राहिलं?"

हे वाक्य कुठून आलं ते सांगायला हवं. थोरल्या मुलानंतर नऊ वर्षं आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. सौ.नं सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताला नवस केला. आमच्या जिल्ह्यातल्या वाचकांना त्या स्थानाविषयी नव्यानं काय सांगायचं? मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा, तापीचा काठ, घोड्यांचा बाजार. पुढच्याच वर्षी धाकटी झाली. तिचं लहानपण दर यात्रेला माझं बोट धरून त्या घोड्यांच्या रांगांमधून फिरण्यात गेलं. म्हणून ते वाक्य तिला लागलं, आणि म्हणूनच मी ते काढलं. माणूस रागावतो तेव्हा नेमकी जागा बरोबर सापडते.

आता ती काय पाळते ते. तिच्या भाषेत ती 'व्हीगन' आहे. शब्द इंग्लंडमधला, १९४४ साली तिकडच्या काही मंडळींनी तयार केला. आपण शाकाहारी म्हणतो त्याच्या एक पाऊल पुढे. मांस, मासे, अंडी तर नाहीतच. शिवाय दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर, मध, काही नाही. जे जनावराकडून घेतलं ते नाही, एवढा एकच नियम. पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर. पाचांतली चार तिला वर्ज्य. उरली साखर. मी बँकेत कारकून होतो, आकडे आधी दिसतात.

पुण्यात नोकरीला होती तोवर आम्हाला याची फारशी झळ नव्हती. तिथं म्हणे सोयाचं दूध मिळतं, बदामाचं मिळतं, ओटचंही मिळतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन नंदुरबारला आली आणि तिच्या कंपनीनं घरूनच काम चालू ठेवलं, ती इथंच राहिली. मग प्रश्न सुरू झाले. किराणा दुकानात सोयाचं दूध मागितलं तर दुकानदार सोयाबीन तेलाचा डबा पुढे करायचा. एकदा सापडलं ते गोड, व्हॅनिला वासाचं, लहान मुलांसाठीचं. आमचे मेहुणे सुरतेला जात-येत असतात, ते गाडीनं येताना दोन खोकी घेऊन यायचे. चहाच्या टपरीवर तर सोयच नाही. आमच्याकडे टपरीवर दूध, साखर, चहा सगळं एकाच पातेल्यात सकाळपासून उकळत असतं. "बिनदुधाचा" म्हटलं की पोरगा विचारतो, "तब्येत बरी नाही का ताई?" मिठाईच्या दुकानात तिला काही घेता येत नाही. केकही नाही. लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी असते, तर बट्टीवर वाढपी विचारायच्या आत तुपाची धार सोडतो. ती ताटावर हात आडवा धरून बसते आणि शेजारच्या बायका विचारतात, "डाएट का?" ती हो म्हणून टाकते. खरं सांगितलं तर पंगत उठेपर्यंत उत्तरं द्यावी लागतात.

हे झालं बाहेरचं. घरी मात्र एक वेगळीच गंमत दिसायला लागली. सौ. सुरुवातीला रोज विचारायची, आज हिला काय करू? मग एक दिवस तिच्याच लक्षात आलं की कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेलं भरीत, डुबुकवडे, शेंगोळे, उडदाची डाळ, बिबड्या, यातल्या कशातच दूध-तूप नाही. दादरची भाकरी आणि शेंगदाण्याचं तेल यावर आमच्या दोघांचं बालपण गेलेलं. माझ्या आईच्या घरात दूध म्हणजे आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि पाहुण्याच्या चहाला. आम्हा भावंडांना गुळाचा कोरा चहा. तूप सणाला, तेही वाटीत बोट बुडवण्याइतकं. तेव्हा त्याला कुणी तत्त्व म्हणत नव्हतं, ती परिस्थिती होती. १९७० ला 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं, गावोगाव डेऱ्या उभ्या राहिल्या, आणि आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत दूध हे रोजचं झालं. मी हे चांगलंच झालं असं मानतो. पण "दुधाशिवाय माणूस जगेल कसा" असं जेव्हा मी तिला विचारलं, तेव्हा मी माझ्या आईला विसरलो होतो.

(प्रकृतीविषयी कुणी विचारील म्हणून एवढंच: बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींमधून मिळत नाही, त्याच्या गोळ्या ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेते. नाचणी, तीळ, डाळी असतातच.)

त्या दत्तजयंतीनंतर आमच्या घरात पोथी विरुद्ध मुलगी असा सामना चालू झाला. मी सेवानिवृत्त, वेळ भरपूर. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, ते आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे. मी तिला अजगर दाखवला. अजगर एका जागी पडून असतो, जे आपोआप समोर येईल ते गोड असो की आंबट, थोडं असो की फार, तेवढ्यावर राहतो. "समोर येईल ते घ्यावं, आवडनिवड करू नये, हा दत्तसंप्रदाय आहे," मी म्हणालो. ती म्हणाली, "बरोबर आहे बाबा. पण अजगरानं कुणाकडे रतीब लावलेला नसतो."

मला राग आला, आणि हसूही. रतीब तर खराच. गेली बावीस वर्षं रोज एक लीटर म्हशीचं दूध आमच्या दारात येतं. ते आपोआप येत नाही, मी पैसे देऊन आणवतो.

मग सौ.नं तसबीर दाखवली. "देवाच्या मागे गाय उभी आहे ती काय उगाच?" धाकटी तसबिरीजवळ गेली, नीट पाहिलं आणि म्हणाली, "आई, हिच्या गळ्यात दावं कुठंय?" आमच्या देवघरातली ती तसबीर माझ्या वडिलांच्या वेळची. रोज तिला गंध लावतो. गाईच्या गळ्यात दावं नाही, जवळ चरवी नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गाय नुसती उभी आहे. चार कुत्रेही नुसते आहेत. कुणाकडून काही घेतलं जात नाही. ती गाय म्हणजे पृथ्वी किंवा कामधेनू आणि कुत्रे म्हणजे चार वेद, हे आपण कीर्तनात ऐकतो. तो अर्थ आहेच. पण चित्रात जे आहे ते आहे.

सौ. मात्र हार मानणारी नाही. तिनं गुरुचरित्रातला बाविसावा अध्याय काढला. गाणगापुरात श्रीगुरू गरीब ब्राह्मणाच्या दारात भिक्षेला जातात. घरात काही नाही, ओझी वाहायला लावलेली एक वांझ, म्हातारी म्हैस दारात बांधलेली. श्रीगुरू दूधच मागतात, आणि ती म्हैस दुभती होते. "गुरूंनी स्वतः मागून घेतलं. आता बोल," सौ. म्हणाली. धाकटी काही बोलली नाही. तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि तिनं ओढूनताणून दिलंही नाही, हे मला आवडलं. मला पुढे सुचलं होतं, की त्या म्हशीला रेडकूच नव्हतं, म्हणजे त्या दुधात कुणाचा वाटा कापला गेला नाही. पण पोथीतला चमत्कार असा वकिलासारखा वापरायला मन धजेना. त्या अध्यायात दरिद्री घराचं दैन्य फिटलं ही गोष्ट आहे. ती तशीच राहू द्यावी.

रेडकाचा विषय मात्र माझ्या डोक्यातून जाईना. त्याला कारण माझी नोकरी.

मी बी.कॉम. होऊन १९८१ ला बँकेत लागलो. सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाखेत बरीच वर्षं काढली, तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा. त्या काळात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. दुभत्या जनावरांची कर्जप्रकरणं ढिगानं यायची. अल्पभूधारकाला चौथा हिस्सा अनुदान, आदिवासी लाभार्थ्याला निम्मं. दोन म्हशींचं एक युनिट. पहिली आटायला आली की दुसरी घ्यायची, म्हणजे हप्ता चुकत नाही. मी त्या प्रकरणांचे तक्ते भरायचो. चारा इतका, पेंड इतकी, औषधपाणी इतकं, विमा इतका, दूध इतके लीटर, भाव इतका, शिल्लक इतकी. आणि तळाला एक ओळ असायची. वासराच्या संगोपनाचा खर्च धरलेला नाही, तो वासराच्या विक्रीतून भरून निघेल असं गृहीत धरलं आहे. म्हणजे वासरू नावेही नाही आणि जमाही नाही. दोन्हीकडून वजा. शेकडो प्रकरणांवर ती ओळ मी माझ्या हातानं लिहिली. मादी वासरू विकलं जातं, वाढतं, म्हैस होतं. नर रेडकाचं काय होतं हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. ताळेबंद जुळत होता ना.

आणखी एक आठवण. कर्जातल्या म्हशीच्या कानात विमा कंपनीचा बिल्ला असायचा. जनावर मेलं तर दाव्याच्या कागदांसोबत तो बिल्ला जोडावा लागे, बिल्ला नाही तर दावा नाही. माणसं कानाचा तुकडा कापून, बिल्ल्यासकट फडक्यात गुंडाळून काउंटरवर आणून ठेवायची. मी तो क्रमांक रजिस्टरला ताडून पाहायचो. एक म्हातारी बाई तो तुकडा देताना रडत होती. मला वाटलं हप्त्यासाठी रडते आहे, म्हणून मी तिला समजावलं की दावा मंजूर होईल. ती मान हलवत राहिली. ती कशासाठी रडत होती हे मला चाळीस वर्षांनी, मुलीशी भांडल्यावर कळलं.

तर मी एक दिवस आमच्या दूधवाल्याच्या गोठ्यावर गेलो. मुलीला खोटं पाडायचं हा हेतू होता, हे लपवत नाही. बावीस वर्षांचा संबंध, पण गोठा मी पाहिला नव्हता. सात म्हशी. स्वच्छ गोठा, चारा भरपूर, म्हशींच्या पाठी चमकत होत्या. माणूस जनावरांवर जीव लावणारा, प्रत्येकीला नावानं हाक मारतो. धार काढायची वेळ होती. एक रेडकू सोडलं, ते आईकडे धावलं, सडाला दोन-चार ढुसण्या दिल्या, म्हशीनं पान्हा सोडला, तसं त्याला मानेला धरून ओढून खुंट्याला बांधलं आणि चरवी खाली आली. ते खुंट्याशी ओढ घेत राहिलं. हे काही मी पहिल्यांदा पाहिलं नाही, खेड्यात वाढलेल्या प्रत्येकानं पाहिलंय. पण त्या दिवशी मोजून पाहिलं. सातांत रेडकं चार, चारही माद्या.

मी विचारलं, "नर एकही नाही?" तो जरा थांबला. म्हणाला, राहत नाहीत. "राहत नाहीत म्हणजे?" त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही बँकेत अडाणी प्रश्न विचारणाऱ्या नव्या साहेबाकडे पाहायचो. मग आमच्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, त्याले दूध पाजसू, मंग इकसू काय?"

त्यानं पुढे सगळं सांगितलं. नराला कमी पाजतात, ते खंगतं, महिना-दोन महिन्यांत जातं, नाहीतर व्यापारी घेऊन जातो. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. पूर्वी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायचे, ती चाटायची आणि पान्हा सोडायची. आता काही जण इंजेक्शन टोचतात. "मी नाही देत," तो म्हणाला. मी विश्वास ठेवला. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्यानं गाईला आणि २०१५ च्या दुरुस्तीनं बैल-वळूला कत्तलीपासून संरक्षण मिळालं. म्हशीचं आणि रेडकाचं नाव त्या यादीत नाही. आपण जयजयकार गाईचा करतो आणि आमच्यासारख्या बऱ्याच घरांत पितो म्हशीचं, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

आता या माणसाला पापी म्हणायचं का? त्याच्या दोन मुलींचं शिक्षण त्या सात म्हशींवर झालं, एक नर्स आहे. पावसानं दगा दिला, मिरची गेली, कापूस गेला, तरी दुधाचा पैसा येतो. अशी शेकडो घरं मी माझ्या शाखेत पाहिली. आणि व्यवहाराला दोन बाजू असतात हे तर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. एकाच्या खात्याला जमा पडलं तर कुठंतरी दुसऱ्याच्या नावे पडलेलं असतं. तो विकतो कारण मी घेतो. रेडकाचा हिस्सा त्यानं कापला आणि बावीस वर्षं तो माझ्या चहात आला. त्यानं निदान रेडकाकडे पाहिलं तरी आहे.

घरी येऊन मी पुन्हा चोवीस गुरूंकडे गेलो, या वेळी भांडायला नाही. त्यांत मधमाशी आहे आणि मध गोळा करणारा माणूसही आहे, 'मधुहा'. दोघे वेगवेगळे गुरू. मधमाशी फुलाफुलातून थोडं थोडं घेते, फूल दुखावत नाही, आणि त्यावरून माधुकरी हा शब्द आला, आपल्या संप्रदायाचा प्राण तो. मधुहा दुसऱ्यानं कष्टानं साठवलेलं येऊन घेऊन जातो. अवधूतानं तिथं जो बोध घेतला तो साठवणुकीविषयी आहे, साठवशील तर गमावशील असा. अहिंसेविषयी तो नाही, हे कबूल करायला हवं. धाकटीला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाबा, तिथं शिकवण माशीला आहे. मधुह्याला कुणी काही शिकवलंच नाही." मला वाटतं हे वाचन बरोबर नाही. पण मी गृहस्थ आहे, संन्यासी नाही. माधुकरीच्या झोळीत दूध पडलं तर संन्याशाला दोष नाही, कारण त्यानं ते मागवलेलं नाही. मी मात्र मागवतो. या दोघांचं मोजमाप एकाच मापानं करायचं का, यावर मी पुष्कळ विचार केला, आणि नाही असंच उत्तर येतं.

महात्मा गांधींची गोष्ट ज्येष्ठांना आठवत असेल. त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. कलकत्त्याकडे गाई-म्हशींचं दूध काढण्यासाठी जे क्रूर प्रकार चालत ते वाचून त्यांचं मन उठलं होतं. पुढे खेड्याच्या सत्याग्रहानंतर ते फार आजारी पडले, डॉक्टर म्हणाले दुधाशिवाय अंग धरणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली, की नवस गाईम्हशीच्या दुधाचा, बकरीचं घ्या. त्यांनी घेतलं. पण आत्मकथेत स्वच्छ लिहून ठेवलं की व्रताचा शब्द राखला, आत्मा नाही, आणि ती बोच कायम राहिली. मी हे सौ.ला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कस्तुरबाई बरोबरच होत्या. पण तेही बरोबर होते." मला वाटतं त्या दिवशी आमच्या घरातलं भांडण संपलं, जरी प्रश्न संपला नाही.

कारण पुढची हालचाल सौ.नंच केली. गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आठ दिवस आधी, आमचा गुरुचरित्राचा सप्ताह चालू असताना, ती एकटी गुरुजींकडे गेली. काय विचारावं ते तिला नीट सांगताही येईना. गुरुजी म्हणाले, "वहिनी, पंचामृतानंतर देवाला शुद्धोदकानं स्नान घालतात, ते पाणीही तीर्थच की. ते मी वेगळ्या गडूत ठेवतोच. मधुमेहवाले तिघं-चौघं तेच घेतात." आम्ही इतकी वर्षं त्या रांगेत उभे होतो, आम्हाला हे माहीतच नव्हतं. आणि कुणी त्यांना 'तीर्थाला नाही म्हणतात का' असं विचारलेलंही मी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी मना केलं तर देव रागावत नाही हे सगळ्यांना मान्य आहे. मनानं मना केलं तर मात्र रांग थांबते.

गेल्या जयंतीला धाकटीनं गडूतलं तीर्थ घेतलं, ओलसर हात डोळ्यांना आणि डोक्याला लावला. मागच्या वर्षी बोललेले गृहस्थ याही वेळी मागेच होते. त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. मला त्यांच्याविषयी तक्रार नाही, मी घरी जे बोललो त्यापेक्षा ते सौम्यच बोलले होते.

दुपारच्या नैवेद्याला पुरणपोळी आणि घेवड्याची भाजी. घेवडा का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. अमरापूरच्या गरीब घरात धान्याचा कण नव्हता, दारच्या वेलाच्या शेंगा शिजवून श्रीगुरूंना वाढल्या आणि ते तृप्त झाले. इतकी वर्षं ती भाजी ताटात कोपऱ्यात असायची, लक्ष पुरणपोळीवरच्या तुपाकडे. त्या दिवशी सौ.नं घेवडा मुद्दाम जास्त केला, शेंगदाण्याच्या तेलात, कूट घालून. धाकटीच्या पोळीवर तूप नव्हतं. माझ्या पोळीवर होतं. देवाच्या ताटातही होतं, ते आम्ही बदललं नाही. बदलावं असं धाकटीनं कधी म्हटलंही नाही.

संध्याकाळी जन्मकाळ झाला, पाळणा झाला. सुंठवड्याचं ताट फिरलं. सुंठ, साखर, सुकं खोबरं, तीळ. तिनं तळहाताची खोलगट वाटी करून पुढे केली, आणि सौ. वाटणाऱ्या मुलाला म्हणाली, "अजून घाल रे तिला."

राहिलं माझं. मी दूध सोडलेलं नाही. सकाळचा चहा बिनदुधाचा करून पाहिला, चार दिवस टिकला. सप्ताहात हविष्यान्न म्हणून दूधभात लागतो तो घेतो. पण दुपारचा चहा कोरा झाला आहे, आईसारखा गुळाचा, आणि रतीब एका लीटरचा अर्धा केला आहे. बँकेत ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात, आणि वर्षअखेरीला साहेब विचारतात, ही नोंद अजून का पडून आहे. माझी ही नोंद तशीच पडून आहे.

रतीब कमी केला त्याच्या दुसऱ्या दिवशी दूधवाला दारात थांबला. चरवीचं झाकण हातात तसंच. म्हणाला, "काय व्हयनं साहेब, दूध चांगलं नही का?" धाकटी आतून ऐकत होती. मला त्या माणसाला खरं सांगता आलं नाही. मी म्हणालो, "दूध चांगलंच आहे रे. डॉक्टरांनी सांगितलंय."